वर सव्वीस, खाली सव्वीस

उभ्या पनवेल तालुक्यात डक्टवाल्या एसीचं काम माझ्यासारखं दुसऱ्या कुनाला जमत नाय. माझ्या घरातला टेबल फॅन मात्र दोन वर्सं बंद हाय, नि त्याला शेवटचा हात मीच लावलेला.

नमस्कार मंडळी. मी लहू. शिक्षन तिसरी नापास... ते पन दोनदा. तिसऱ्या खेपेला गुरुजीच बोलले, "लहू, तू बाकावर बसू नको, बाक दुरुस्त कर." तवापासून दुरुस्तीच करतोय. मला लिवता येत नाय, म्हनून मी बोलतोय आनी माझी बायको रंजना मोबाईलवर टाईप करतेय. ती दहावी पास हाय, हे ती दिवसातनं एकदा तरी सांगते. मी तिला बोललोय, मी बोलतो तसंच लिव, सुधारू नको. ती बोलली, सुधारायला जागाच कुठं हाय.

तुमच्या या पानावरचे अनुभव ती मला रोज वाचून दाखवते. खरं सांगू... मी हसायचो. भूत, मुंजा, उतारा... आपला विश्वास नाय. अवो, माझं अर्धं आयुष्य लोकांच्या फॉल सिलिंगच्या पोटात गेलं. काळोख, धूळ, कोळ्याची जाळी. भूत असतं तर पयलं मला भेटलं असतं. मला भेटले ते उंदीर, नि एकदा पाल — ती बनियनमधे शिरली तवा मी सिलिंग फोडून सरळ मालकाच्या डायनिंग टेबलावर उतरलो. त्यांच्या पोरीला बघायला पाव्हने आलेले. लग्न जमलं, पन मला हळदीला बोलावलं नाय.

तर सांगायचं ते हे... गेल्या मे मयन्यात माझ्या बहिनीच्या घरी जे झालं, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाय. रंजनालाबी यातलं अर्धंच माईत हाय. बाकीचं तिला आत्ता टाईप करता करता कळेल.

माझी मोठी बहीन पारू. मी तिला बाय बोलतो. करंजाड्याच्या पुढं गाव हाय, तिथं तिचा बंगला. दाजी — हसूरामदाजी — यांची जमीन गेली, पैसा आला, नि दाजींनी ठरवलं की गावात कुनाकडं नाय असं कायतरी करायचं. म्हनून अख्ख्या घराला एकच मोठी एसी. भिंतीवर डबे नाय, सगळं सिलिंगच्या आतनं, नुसत्या जाळ्या दिसतात. दाजी पाव्हन्यांना चा द्यायच्या आधी जाळी दाखवायचे.

आता ही मशीन कशी असते ते सांगतो, म्हंजे पुढचं कळेल. तिचे दोन भाग. एक गच्चीवर — गारवा तयार करतो तो. दुसरा जिन्याच्या वरच्या सिलिंगमधे — ब्लोअर, तो नुसती हवा ढकलतो. गच्चीवरची मशीन बंद असेल तर ब्लोअर म्हंजे निस्ता पंखा. दोघांची लाईनबी वेगळी. हवा पाईपातनं खोल्याखोल्यांत जाते, नि पाईपाच्या पोटात झडपा असतात. कुठं जास्ती सोडायची, कुठं कमी, ते झडपेवर. बस. एवढंच सायन्स.

पन या बंगल्यात दुखनं असं होतं की खाली गारठा नि वर भट्टी. टेंपरेचर बघनारा डबा खाली हॉलमधे. हॉल गार झाला की मशीनला वाटतं काम झालं, ती आराम करते. वर मात्र गच्चीचा स्लॅब तापलेला, नि खालची सगळी गरमी जिन्यानं वर चढलेली. खाली बसला की मच्छीच्या बर्फाच्या पेटीत बसल्यासारखं, नि जिना चढून वर गेला की भाकरीच्या तव्यावर. दाजी खाली शाल घेऊन बसायचे, वर जाताना कठड्यावर काढून ठेवायचे. कठड्याला कायमची एक शाल.

दोन वर्सं कुनाचं काय अडलं नाय. मग नात झाली.

बायच्या सुनेचं नाव श्वेता. पोरगी कामोठ्याची, गनिताचे क्लास घेते, हुशार. अकरा वर्सांनी दिवस गेले. या अकरा वर्सांत बायला गावानं काय काय ऐकवलं ते मी लिवायला सांगत नाय, रंजना टाईप करता करता रडेल. आनी पोरगी आली ती सातव्या मयन्यात. माझ्या पंज्याएवढी. चाळीस दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टर बोलले, हिच्या अंगाला अजून सवताची गरमी सांभाळता येत नाय. एकदम गार नको, एकदम गरम नको. खोली सव्वीस डिग्रीला ठेवा, दिवसभर एकसारखी.

श्वेतानं दोन छोटी थर्मामीटरं आनली. एक वरच्या तिच्या खोलीत, एक खाली हॉलमधे. नि एक वही. तासातासाला वर किती, खाली किती, लिवून ठेवायची. गनिताची बाई शेवटी.

मे मयन्यात बारसं ठरलं. बायनं दोनशे मानूस बोलावलं. अकरा वर्सं जे बोलले त्या सगळ्यांना आवर्जून. पाळना हॉलमधे बांधायचा, पोरीला वरच्या खोलीतनं खाली आनायचं, नाव ठेवायचं, परत वर. पन श्वेता बोलली, "आई, वर तीस आणि खाली बावीस. जिना उतरताना आठ डिग्रीचा फरक. मी तिला त्यातून नेणार नाही. बारशाच्या दिवशी दोन्हीकडे सव्वीस झालं तर ठीक, नाहीतर मी तिला घेऊन माझ्या आईकडे जाते. तिथे एकच मजला आहे."

बायनं दोनशे मानसांची यादी घडी घालून उशीखाली ठेवली. बायचं असं घडी घालनं मला लहानपनापासून माईत हाय. लय भारी पडतं ते.

पयला कंपनीचा इंजिनीअर आला. लॅपटॉप उघडून दोन तास बसला. बोलला, "सर, प्रॉब्लेम तुमचा जिना आहे. मधे काच टाकून बंद करावा लागेल." दाजी बोलले, "जिना बंद करू तर आमी वर काय उडून जाऊ?" इंजिनीअर चा पिऊन गेला.

मग बायनं मला फोन केला. "लहू, तुला जमेल काय रं?"

आता 'लहू, हे नाय जमनार' असं मला सांगू शकेल असा मानूस अजून जन्मायचाय. त्यात मी पन आलो. बोललो, "बाय, चार दिवस दे."

पयल्या दिवशी मी वरच्या झडपा सगळ्या उघडल्या, खालच्या बंद केल्या. श्वेताची खोली एकवीस नि हॉल तेहतीस. दाजी हॉलमधे बनियनवर, पेपरनं वारा घेत. बोलले, "लहू, तू घर उलटं केलंस. आता आमी वर शाल नेतो." दुसऱ्या दिवशी थोड्या थोड्या उघडल्या. मला वाचता येत नाय, म्हनून झडपांच्या दांड्यांवर मी रंजनाची नेलपॉलिश लावायचो — लाल म्हंजे वरची, मरून म्हंजे खालची. आता सिलिंगच्या काळोखात टॉर्चच्या उजेडात लाल नि मरून कसं दिसतं ते तुमी बघा कधी. एकसारखं दिसतं. तिसऱ्या दिवशी बाथरूममधे अठरा डिग्री झाली, बाकी घरात हवाच नाय. दाजी आंघोळीला गेले ते दात वाजवत आले. चौथ्या दिवशी मी सगळं होतं तसं परत केलं नि बोललो, आता फाईन ट्यूनिंग रायलंय.

माझा बाबा मिठागरात कामाला होता. मिठाच्या वाफ्यांत पानी सोडायचं, तर एका वाफ्यातनं दुसऱ्यात किती जातंय ते तो निस्ता पाय बुडवून सांगायचा. हवापन तशीच असनार, बापाचा गुन माझ्यात असनार, असा माझा हिशेब होता. बापाचा फकस्त आवाज माझ्यात आलाय.

बारसं रविवारी. मी सकाळी आठला पोचलो. वर तीस, खाली तेवीस. श्वेता जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी. मांडीपर्यंत येनारी बॅग भरून कठड्याला टेकवलेली, दाजींच्या शालीच्या बाजूला.

"मामा," बोलली, "तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही चार दिवस राबलात. पण दहा वाजेपर्यंतच बघीन. दहाला रिक्षा बोलावते."

बाय पाळन्याला फुलं बांधत होती. तिचं बांधनं थांबलं, मान वर नाय केली, परत सुरू.

मी तसाच गच्चीवर. साडेआठलाच उन्हानं गच्ची अशी तापलेली की चपला चिकटत होत्या. ठरवलं, मशीनची कॉईल साफ करू, जोर वाढला तर वर जास्ती हवा पोचेल. स्विच खाली केला. आता मशीन बंद करून काम करायचं तर शिकलेले लोक पाटी लावतात, 'काम चालू आहे'. मला पाटी लिवता येत नाय. मी स्विचच्या दांड्याला माझा रुमाल बांधतो. लाल चौकडीचा. रुमाल दिसला की समजायचं लहू आत हाय, हात लावायचा नाय. मग मी मशीनचा पत्रा खोलला, चार बोल्ट काढले, नि वर पंख्याच्या जाळीवर उभे करून ठेवले, रांगेत. आनी ब्रश मारायला सुरवात केली.

तेवढ्यात खालनं बाय ओरडली, "लहूऽऽ! पाळन्याची कडी निसटली!"

पळालो. चपला तिथंच. कडी बसवली, त्यात माझा अंगठा बसवला, अंगठ्याला हळद लावली. मग कोन बोललं खुर्च्या लाव. मग माईक. मग दाजी बोलले, "आधी खाऊन घे, तोंड बघ कसं झालंय." मी बसलो उपम्याला. दुसऱ्यांदा पन घेतला. ते काय मी नाकारत नाय.

पावनेदहा झाले तसा मला घाम फुटला — पन अंगाला नाय बरं का, मनाला. श्वेता वही घेऊन खाली आली. मी तिच्याकडं बघितलंच नाय, अंगठ्याकडं बघत बसलो.

"मामा... खाली किती आहे?"

मी उठून भिंतीवरचं थर्मामीटर बघितलं. आकडे वाचता येतात मला, तेवढं येतं. सव्वीस.

"वर पण सव्वीस," श्वेता बोलली.

तिचा विश्वास नाय. पोरीनं काय केलं — खालचं थर्मामीटर काढून वर नेलं, वरचं खाली आनलं. दहा मिनटं थांबली. वर सव्वीस. खाली सव्वीस. मग मधल्या पायरीवर ठेवून बघितलं. सव्वीस. जिन्याच्या खाली चपलांच्या कपाटात. सव्वीस! कपाटात जाळी पन नाय.

श्वेतानं बॅग उचलली... नि वर नेऊन ठेवली.

बायनं ते बघितलं. ती माझ्याजवळ आली, फुलांचे हात होते तसेच माझ्या तोंडावरनं फिरवले. बोलली, "माझ्या भावानं केलं." एवढंच. मंडळी, माझं वय बावन्न. मला आजपर्यंत कोनी असं बोललेलं नाय. शाळेत नाय, कामावर नाय, घरी तर ईचारूच नका. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटन गेलं. ते बटन अजून सापडलेलं नाय.

बारा वाजता बारसं. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं. घरात दोनशे मानसं, मागं जेवनाच्या चुली, दार सारखं उघडं-बंद. नि आतमधे कसं होतं सांगू? गार नाय. गरम नाय. कुठनं झोत नाय. एक म्हातारी मावशी बोलली, "पहाटं मिठागराच्या बांधावर उभं रायलं की असं वाटायचं." ती बोलली नि मी वळून तिच्याकडं बघितलं... कारन मलाबी तेच वाटलेलं.

श्वेता पोरीला घेऊन जिना उतरली. एक पायरी, थांबायची. एक पायरी, थांबायची. हात पोरीच्या पायाला लावून बघायची. सगळा हॉल वर बघतोय, माईकवाला पन गप. पोरगी झोपलेली. खाली आली, पाळन्यात निजली, बायका गायल्या, आत्यानं कानात कुर्र केलं, तन्वी नाव ठेवलं, परत वर गेली. डोळा नाय उघडला. अकरा वर्सं बोलनाऱ्या सगळ्या बायका पाळन्याची दोरी धरायला लाईनीत. बाय बाजूला उभी राहून एकेकीला दोरी देत होती. मोजून देत होती असं वाटत होतं.

मग दाजींनी माईक घेतला. "आमचा मेवना! तिसरी नापास! कंपनीच्या इंजिनीअरनं हात टेकले, पन यानं घर बॅलन्स केलं! वर सव्वीस, खाली सव्वीस!" टाळ्या. शाल नि नारळ. आता नारळ घ्यायचा तर आमच्यात बोडक्या डोक्यानं घेत नाय, डोक्यावर कायतरी पायजे. मी खिशात रुमाल शोधतोय... या खिशात नाय, त्या खिशात नाय. दाजी माईकवरच बोलले, "घर सांभाळलं, रुमाल हरवला." शेवटी भटारखान्यातला नॅपकिन डोक्यावर घेतला, त्याला रश्श्याचा वास. फोटोत मी तसाच हाय. फ्रेम करून शोकेसमधे ठेवलाय.

इंजिनीअर पन आलेला जेवायला. हळूच जवळ आला. "काका, नेमकं काय केलंत?"

मी शाल सारखी केली, वर जाळीकडं बघितलं. बोललो, "अनुभव."

त्यानं तो शब्द डायरीत लिवून घेतला.

पाच वाजता पाव्हने पांगले. मी अनवानीच फिरतोय हे तवा माझ्या ध्यानात आलं. चपला गच्चीवर. दार उघडलं नि दोन पावलं टाकून थांबलो, फरशी पायाला चटके देत होती तरी.

स्विचच्या दांड्याला माझा रुमाल.

स्विच खाली.

मशीनचा पत्रा खोललेला, ब्रश आत तसाच. आनी जाळीवर माझे चार बोल्ट. उभे. रांगेत. तो पंखा एकदा जरी फिरला असता ना, तर चारी बोल्ट बाजूच्या गच्चीवर सापडले असते. मी पाईपाला हात लावला. मशीन चालू असली तर पाईपावर गार पान्याचे थेंब असतात. पाईप चाच्या गिलासासारखा गरम. खाली पळालो, मागच्या अंगनात ब्लोअरचं पानी पडायचा पाईप हाय, त्याखाली बायची बादली असते. बाय रोज सकाळी नऊला ती झाडांना रिकामी करते, नि दुपारपर्यंत ती परत भरते. बादली कोरडी. तळाला धूळ, त्यात चिमनीचे पाय उमटलेले.

साडेआठपासून पाचपर्यंत मशीन बंद होती. निस्ता ब्लोअर हवा ढकलत होता. मे मयन्यात, दोनशे मानसांत... वर सव्वीस, खाली सव्वीस.

तिथं बादलीजवळ बसलो मी.  पयला विचार काय आला सांगू? शाल परत द्यावी लागेल. हा माझा पयला विचार. दुसरा विचार... कोन? कुनी केलं हे? बाबा गेल्याला वीस वर्सं झाली. मी असं काय म्हनत नाय. पन त्या म्हातारीचं बोलनं डोक्यातनं जाईना.

अक्कल असलेला मानूस काय करेल? जे चाललंय ते चालू देईल. मी गच्चीवर गेलो, पत्रा लावला, बोल्ट आवळले, रुमाल सोडला आनी स्विच वर केला. वाटलं, काम अर्धं सोडू नये.

अर्ध्या तासात खाली बावीस, वर एकतीस. तन्वीनं जे रडायला घेतलं ते खालपर्यंत. श्वेता वरनं ओरडली, "मामाऽ! काय केलंत?" दाजी खालनं, "लहू, काय केलास रं?" मी धावत वर. परत स्विच खाली केला, परत रुमाल बांधला. तशीच गाठ मारायला बघितली. हात जोडले. "कोन असेल त्यानं परत ये," असंपन बोललो, इकडंतिकडं बघून. काय नाय. सात वाजेस्तोवर घर साध्या बंद घरासारखं उकडलं. श्वेता पोरीला घेऊन कामोठ्याला गेली, ती पाऊस पडल्यावर परत आली. पन बारसं झालेलं. नाव ठेवलेलं. ते कोन काढून घेनार नाय.

माझ्यावर कुनाचा संशय आला नाय. दाजी बोलले, पाव्हन्यांनी दारं उघडी टाकली म्हनून बिघडलं. मी बोललो, "तेच तर."

नंतर मी चार मेकॅनिकना गोल गोल करून ईचारलं. एक जन बोलला, निस्ता ब्लोअर फिरला की वरची नि खालची हवा मिसळते, दोनीकडं सारखंच होनार. हे मलाबी कळतं. वर तीस, खाली तेवीस, मिसळलं की मधलं सव्वीस, बरोबर. पन ते एक मिनिट! वर स्लॅब तापतोय, खाली दोनशे मानूस, चुली, उघडी दारं. मिसळून मिसळून दुपारी दोनीकडं चौतीस व्हायला पायजे. सव्वीस टिकलं कुठनं? आठच दिवसांनी मी करून पन बघितलं. बायला बोललो सर्व्हिसिंग हाय. गच्चीवरची मशीन बंद, ब्लोअर चालू, घर रिकामं, दारं लावलेली. दीड तासात दोनीकडं तेहतीस. सारखं होतं, पन तेहतीस. श्वेताची ती वही अजून हाय तिच्याकडं. बारशाच्या दिवसाचं पान मी कधी कधी मागून बघतो. सव्वीस सव्वीस, सव्वीस सव्वीस, दहापासून पाचपर्यंत. ती म्हनते, "मामा, किती वेळा बघाल?" तिला वाटतं मी कौतुकानं बघतोय.

कौतुक पन हाय म्हना थोडं. खोटं कशाला बोलू. आता करंजाड्यापासून पार उरनपर्यंत मला 'बॅलन्सवाले लहूशेठ' म्हनून फोन येतात. काय कामं जमतातबी. त्या दिवशी माझ्या रुमालाखाली जे झालं, ते झालं तर माझ्या रुमालाखाली ना? दुसऱ्या कुनाच्या नाय. माझी बहीन त्या दिवशी सगळ्या गावासमोर ताठ उभी होती. तो स्विच मी बंद केला नसता तर ती पोरगी दहाला रिक्षात होती. एवढं माझं हाय, हे मी सोडनार नाय.

मग आज का सांगतोय? तर पुढच्या मयन्यात तन्वीचा पयला वाढदिवस. पोरगी आता गुटगुटीत, माझ्या मिशा उपटते, तिला गरमी-थंडी कशाचं काय नाय. पन काल बायचा फोन आला. बोलली, "लहू, तेच दोनशे मानूस बोलावलंय. घर मात्र त्या दिवसासारखंच पायजे हां. तू केलेलंस तसंच कर." मी हो बोललो. नाय म्हनता येत नाय, हे वर सांगितलंच.

आता मी केलं काय होतं, तेच मला माईत नाय. झडपा तशाच ठेवून बघितल्या, चपला गच्चीवर ठेवून बघितल्या, उपमा पन खाऊन बघितला. मला उत्तर मिळालेलं नाय, नि मिळेल असं वाटत नाय. तुमच्यात कोन जानकार असेल, ज्यानं असं बघितलंय, त्यानं कृपा करून सांगा. वाढदिवसाच्या आधी सांगितलं तर बरं.

मगाशी रंजनाचं टाईप करायचं थांबलेलं, आत्ता परत करतेय. बोट मोबाईलवर, नजर शोकेसमधल्या फोटोवर... नॅपकिनवाल्या. मी ईचारलं, "काय गं, आता बायला काय सांगू? काय करू वाढदिवसाला?"

ती बोलली, "सकाळी गच्चीवर जावा, रुमाल बांधा, नि खाली येऊन जेवायला बसा. त्या दिवशी तुमी तेवढंच केलेलं."